नाकाडीचा चढ

लाँड्रीवाल्या बाईंच्या गाडीला सगळा गाव नाकाडी म्हणायचा. पुढे दोन दिव्यांच्या बरोबर मध्ये विमानाला असतं तसं गोल, टोकदार नाक, आणि मागची बाजूही जवळजवळ तितकीच लांब नि निमुळती. नवखा माणूस फुटपाथवर थबकून हमखास विचारायचा, की ही बया येतेय की जातेय? या विनोदाचा बाईंना वीट आला होता, तरी त्या काच खाली करून उत्तर द्यायच्या, "तुम्ही बाजूला झालात की जाईल."

गाडी स्टुडबेकर चॅम्पियन, पन्नास सालची. बाईंच्या यजमानांनी ती कुणाकडून तरी जुनी घेतली, बाईंना चालवायला शिकवली आणि दोन वर्षांत स्वतः जग सोडून गेले. मागे राहिली एक लहान मुलगी, एक लाँड्री आणि ही नाकाडी. बाईंनी मागची सीट काढून तिथे लाकडी खण बसवून घेतले. खणांत इस्त्री केलेल्या चादरींचे गठ्ठे असे चपखल बसायचे की मध्ये पोस्टकार्ड सरकवायला जागा नाही. लाँड्री खाली, आणि चादरी लागणारे सगळे वर टेकडीवर: तीन हॉटेलं, एक दवाखाना, दोन वसतिगृहं. रोज सकाळी स्वच्छ चादरी घेऊन वर आणि मळक्या घेऊन खाली. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

वर जायला रस्ता एकच. तो आधी दमानं चढतो आणि शेवटच्या शंभर पावलांत अंगावर येतो. जिथे तो सगळ्यात उभा आहे, नेमका तिथेच वरचा मोठा रस्ता आडवा लागतो, आणि थांबल्याशिवाय पुढे जायची सोय नाही. त्या जागी भल्याभल्यांची भंबेरी उडायची. ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे यायची, मागचा माणूस बोंब मारायचा, मग गडबडीत इंजिन बंद पडायचं. काही जण तर चाकाखाली घालायला डिकीत दगड घेऊन फिरायचे.

बाई मात्र तिथे येऊन शांत थांबायच्या. डावा पाय क्लचवर, उजवा पाय मोकळा, हात स्टिअरिंगवर, नजर डावीउजवीकडे. मागे सहा मण कापड, समोर आभाळ, आणि गाडी बोटभरसुद्धा मागे येत नसे. रस्ता मोकळा झाला की ती निघायची. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आपल्या विद्यार्थ्यांना सकाळी साडेनऊला त्या कोपऱ्यावर उभं करायचे आणि म्हणायचे, पायांवरचा ताबा कशाला म्हणतात ते डोळे भरून बघून घ्या. बाई काही तशा मिरवणाऱ्या नव्हत्या. पण साडेनऊ वाजायच्या आधी त्या आरशात बघून केस सारखे करायच्या, हे त्यांच्या मुलीनं पाहिलं होतं.

हे सगळं खोटं होतं, आणि ते माहीत असलेलं घर गावात एकच होतं. ते म्हणजे मिस्त्रीचं.

मिस्त्रीचं गॅरेज लाँड्रीच्या मागच्या गल्लीत. गडी बोलायला कमी, पण स्टुडबेकरचा विषय काढला की त्याला आवरणं कठीण. स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगताना तो अडखळला असता, पण ती कंपनी काढणाऱ्या पाच स्टुडबेकर भावांची कुळकथा त्याला तोंडपाठ होती. लोहाराची पोरं. अठराशे बावन्न साली दोघांनी भट्टी टाकली आणि घोडागाड्या बनवायला लागले. एक भाऊ सोनं खणायला म्हणून दूर खाणींच्या मुलुखात गेला, आणि सोनं सोडून खाणवाल्यांसाठी हातगाड्याच बनवत बसला. त्या कमाईवर धंदा वाढला. पुढे आधी विजेवर चालणारी मोटार केली, मग पेट्रोलची. शंभरावर वर्षं चाकं बनवली त्यांनी, मिस्त्री सांगायचा, आणि एकोणीसशे सहासष्टात शेवटची गाडी काढून दार लावून घेतलं. दार लावलं म्हणताना त्याचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा खाली यायचा.

कंपनी नाही म्हणजे पार्ट नाहीत, आणि पार्ट नाहीत म्हणून या गाडीचे मालक एकमेकांना धरून असत. दूरच्या एका शहरात एक निवृत्त स्टेशनमास्तर होते. त्यांच्याकडे चालणारी एक आणि पार्टसाठी ठेवलेल्या दोन. ते मिस्त्रीला फुलस्केपवर बारीक अक्षरात पत्रं लिहायचे. एक दंतवैद्य होते, ज्यांनी दोन घरं बदलली पण गाडी बदलली नाही, आणि दुसऱ्या घराचं फाटक तिच्या मापानं करून घेतलं. एक काकू होत्या, ज्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण नवऱ्याच्या माघारी त्या रोज संध्याकाळी अर्धा तास तिच्यात बसून पेपर वाचायच्या. मिस्त्री ही पत्रं बायकोला वाचून दाखवायचा. बायको म्हणायची, तुम्ही सगळे एकाच दवाखान्यात दाखवण्यासारखे आहात. पण पुढचं पत्र आलं की तीच आधी उघडायची.

बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रीनं नाकाडीच्या पोटात पहिल्यांदा हात घातला. ब्रेकचं तेल जाण्याच्या नळीवर त्याला एक छोटी डबी दिसली. अशी डबी त्यानं दुसऱ्या कुठल्याही गाडीत पाहिली नव्हती. त्यानं ती सोडवून हातात घेतली, कलती केली, आणि आत काहीतरी घरंगळलं. एक पोलादी गोळी. गाडी सपाटीवर असली की गोळी गप पुढे पडून राहते. गाडीनं चढावर नाक वर केलं की गोळी आपल्या वजनानं मागे येते आणि तेलाची परतीची वाट बंद करते. मग ब्रेकवरचा पाय काढला तरी, क्लच दाबून धरलाय तोवर, ब्रेक सुटत नाही. क्लच सोडू लागलं की एक सळई गोळीला बाजूला सारते, आणि गाडी पुढे निघते. वीज नाही, काही नाही. गोळीला चढ कळतो, एवढंच.

त्या दिवशी मिस्त्री ती डबी घेऊन बाकड्यावर बसून राहिला. पुढे मागे, पुढे मागे करून आवाज ऐकत राहिला. छत्तीस साली, समुद्रापलीकडे, कुणीतरी बसून विचार केला होता की चढावर माणूस घाबरतो, त्याला दोनच पाय असतात, तिसरा आपण देऊ. आणि तो तिसरा पाय या टेकडीवर रोज सकाळी चादरी धरून उभा राहत होता. देणारी कंपनी बंद पडली तरी गोळीला कुणी ते कळवलं नव्हतं. त्यानं बायकोला बोलावून आवाज ऐकवला. तिनंही तो दोनदा ऐकला आणि पोळी करपतेय म्हणून गेली.

बाईंना हे माहीत असणारच, असं तो तीन वर्षं धरून चालला. मग एकदा गॅरेजात चार माणसं बसलेली असताना कुणीतरी बाईंना त्यांच्या करामतीचं गुपित विचारलं. बाईंनी पायातली चप्पल काढली आणि अंगठ्यावर भार कसा ठेवायचा, टाच कशी सैल सोडायची, हे जमिनीवर पाय टेकवून समजावून सांगितलं. अगदी मन लावून. मिस्त्री पाना हातात धरून ऐकत होता. त्याच्या जिभेवर आलेलं तिथेच राहिलं. या बाईनं तरुणपणी एकटीनं पोर वाढवलं, बॉयलर फुटला तेव्हा महिनाभर हातानं चादरी धुतल्या, आणि या सगळ्यात तिला लोकांकडून मिळालेली शाबासकी ही एवढीच. ती आपण काढून घ्यायची? त्याला ते जमलं नाही.

मग पुढची एकोणीस वर्षं त्यानं तो संसार चोरून सांभाळला. क्लच जसा झिजतो तशी ती सळई जुळवावी लागते, नाहीतर ब्रेक लवकर सुटतो किंवा सुटतच नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाई तेल-पाण्यासाठी गाडी आणायच्या आणि आत मिस्त्रीच्या बायकोशी चहा घ्यायला जायच्या. तेवढ्यात मिस्त्री गाडीखाली सरकून सळईचा नट अर्धा आटा फिरवायचा. बायकोनं त्याला दोन-तीनदा बजावलं, की अहो, सांगून टाका, हे चांगलं नाही. तो म्हणायचा, काय बिघडतंय?

बिघडायला एकोणीस वर्षं लागली. एका बुधवारी नाकाडीची क्लचप्लेट गेली. स्टेशनमास्तरांकडे एक शिल्लक होती, पण ती पार्सलनं यायला दोन आठवडे. चादरी काही दोन आठवडे थांबत नाहीत. मिस्त्रीनं आपली स्वतःची छोटी गाडी बाईंना देऊ केली. किल्ली हातात देताना त्याला चढ आठवला. नीट आठवला. बाई, त्या कोपऱ्यावर ब्रेकवरचा पाय काढू नका, हँडब्रेक लावा, इतकं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्यामागून का म्हणून विचारणा झाली असती, आणि त्या उत्तरामागून सगळंच बाहेर आलं असतं.

"जरा जपून न्या," तो म्हणाला, "सवय नाहीये या गाडीची."

"मला सांगतोस?" बाई हसल्या आणि गेल्या.

साडेनऊला कोपऱ्यावर मास्तर आणि त्यांचे पाच विद्यार्थी उभे होते. बाई आल्या, थांबल्या, आणि एकतीस वर्षांच्या शिरस्त्यानं त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे निघाली. क्लच दाबला की गाडी उभी राहते, हे बाईंच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की त्यांनी घाबरून क्लचच आणखी जोरात दाबला. अख्खा जीव त्या पायात गोळा करून दाबला. गाडी मोकाट सुटली आणि बारा-पंधरा पावलं खाली जाऊन दिव्याच्या खांबावर आदळली. दार उघडून चादरी रस्त्यावर पसरल्या. बाईंच्या मनगटाला मुका मार लागला, बाकी कुणाला काही झालं नाही. पण एक पोरसवदा बाई बाबागाडी ढकलत नुकतीच तिथून रस्ता ओलांडून गेली होती. ती पलीकडच्या फुटपाथवर उभी राहून थरथरत होती, आणि बाई गाडीतून तिच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी बाईंनी दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या मिस्त्रीच्या बाकड्यावर ठेवल्या. गाडीचा मागचा दिवा फुटला त्याबद्दल माफी मागितली. पाय गेला माझा, वय झालं, म्हणाल्या. मिस्त्रीनं किल्ल्या उचलून खिळ्याला अडकवल्या. पंधरवड्यात मुलगी येऊन ठेपली आणि सगळं ठरलंसुद्धा: लाँड्री बंद करायची, बाईंनी तिच्याकडे राहायला जायचं, आणि नाकाडी एका मोठ्या हॉटेलवाल्याला द्यायची. तो ती दिवाणखान्यात शोभेला ठेवणार होता. तेवढं क्लचचं काम उरकून द्या, मुलीनं मिस्त्रीला सांगितलं. बाई रस्ता ओलांडतानासुद्धा आता मुलीचा हात धरायला लागल्या होत्या.

तो धरलेला हात मिस्त्रीनं गॅरेजच्या दारातून पाहिला आणि त्याला घास गोड लागेना. बायकोनं ताट सरकवून ठेवलं.

"गाडी गेली तर जाऊ दे," ती म्हणाली. "पण ती बाई स्वतःला थकलेली समजून मरेल, आणि ते तुमच्यामुळे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो लाँड्रीत गेला. स्टेशनमास्तरांनी क्लचप्लेटबरोबर त्यांच्या मोडीतल्या गाडीची तसलीच एक डबी पाठवली होती, ती त्यानं बरोबर घेतली. इस्त्रीची टेबलं रिकामी होती. बाई एकट्याच बसून चादरींवरच्या दोऱ्यानं घातलेल्या जुन्या खुणा उसवत होत्या. मिस्त्री बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं: गोळी, सळई, पहिला सोमवार. मग डबी त्यांच्या हातात दिली आणि कलती करायला सांगितली.

बाईंनी ती कलती केली. गोळी घरंगळली. त्यांनी पुन्हा केली.

"तुला कधीपासून माहीत?"

"बावीस वर्षं."

"आणि मला माहीत नाही, हे?"

"एकोणीस."

बाईंचा चेहरा पडला नाही की चढला नाही. त्या फक्त आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी फजिती ठेवली असतीस झाकून, तरी चाललं असतं मला. पण गाडी देताना तरी सांगायचं होतंस. त्या पोरीच्या बाबागाडीत बाळ होतं."

मिस्त्री एवढंच म्हणाला, की बाई, तुमचा पाय कुठे गेलेला नाही, चुकलो मी. आणि निघाला. बाईंनी डबी परत दिली नाही.

तीन दिवस काही कळलं नाही. मिस्त्रीनं क्लच बसवला, सळई जुळवली, हॉटेलवाल्यासाठी गाडी पुसून ठेवली. त्याची खात्री झाली होती की बाई आता तोंड बघणार नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी बाई दारात उभ्या. मागे मुलगी, रडवेली आणि चिडलेली.

"ती गोळी काढ," बाई म्हणाल्या.

मिस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. मग त्यानं सळई सोडवली आणि डबीची वाट उघडीच राहील अशी बांधून टाकली. आता नाकाडी चारचौघींसारखी गाडी झाली. बाई तिच्यात बसल्या आणि चढाच्या दिशेनं निघाल्या. मिस्त्री एक लाकडी ठोकळा घेऊन धावत मागे.

कोपऱ्यावर मास्तर होतेच. बाईंनी काच खाली केली आणि सगळ्या विद्यार्थ्यांच्या देखत त्यांना सांगितलं, की आजवर तुम्ही पोरांना दाखवत होतात ती माझी करामत नव्हती, गाडीची होती. मला चढावर गाडी उचलता येत नाही. शिकवाल का? मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आपण बारा वर्षं पोरांना नेमकं काय डोळे भरून बघायला लावलं, याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण माणूस भला. तो मुकाट्यानं पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.

पहिल्यांदा नाकाडी मागे आली आणि ठोकळ्यावर थांबली. दुसऱ्यांदा बंद पडली. तिसऱ्यांदा हँडब्रेक सुटलाच नाही आणि गाडी ओरडली. एका खेपेला बाईंनी सवयीनं पुन्हा क्लचच दाबला, आणि मिस्त्रीनं ठोकळा सोडून स्वतःची पाठ गाडीला लावली, जसं काही त्यानं ती थांबणार होती. खाली रांग लागली. कुणीतरी भोंगा वाजवला. मुलगी आई, बास आता, म्हणत राहिली. बाईंना घाम फुटला होता, ओठ घट्ट मिटलेले होते. एकतीस वर्षांत त्या जागी त्यांना भीती ठाऊक नव्हती, ती आता सगळी एकदम आली होती, आणि तरी त्या पुन्हा पुन्हा खाली जाऊन वर येत होत्या.

मिस्त्री बघत होता. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की या चढावर थक्क व्हावं अशी एकच गोष्ट आहे, आणि ती पोलादाची आहे. आता डबी बांधून ठेवलेली होती, गोळी निकामी होती, आणि सहासष्ट वर्षांची एक बाई चारचौघांत शून्यापासून शिकत होती. त्याला आपली लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला, जणू ती त्याच्याच घरातली कुणी थोरली होती.

त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी गाडी कोपऱ्यावर थांबली, हँडब्रेकचा दांडा ओढला गेला, इंजिनाचा आवाज जरा चढला, नाक किंचित उचललं गेलं, आणि नाकाडी सरळ मोठ्या रस्त्यावर गेली. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वर दवाखान्यात तीन आठवड्यांच्या मळक्या चादरी तुंबल्या होत्या, त्या घेऊनच त्या तासाभरानं खाली आल्या. मुलीनं हॉटेलवाल्याला नाही म्हणून कळवलं आणि डोळे पुसत आपल्या घरी गेली.

मिस्त्रीनं त्याच संध्याकाळी गोळी परत जोडू का म्हणून विचारलं.

"इतक्यात नको," बाई म्हणाल्या. "थोडे दिवस अशीच चालवते."

महिना गेला. पहिल्या सोमवारी बाई नाकाडी घेऊन आल्या. मिस्त्रीची बायको चहा घेऊन दारात आली तरी त्या उठल्या नाहीत, स्टिअरिंगपाशीच बसून राहिल्या.

"आता जोड," त्या म्हणाल्या. "चादरी जड असतात, आणि ती गोळी शहाणी आहे. पण या खेपेला मला सांगून जोड."

मिस्त्री गाडीखाली सरकला. मग खालून त्याचा आवाज आला, "बाई, डबी मोकळी केली."

"बरं."

"सळई अडकवली."

"बरं."

"आता नट फिरवतोय. अर्धा आटा."

"का अर्धाच?"

तो का अर्धाच हे त्यानं सांगितलं. एकोणीस वर्षांत जे एकदाही सांगितलं नव्हतं ते सगळं, अगदी सावकाश. बाई वरून एकेक प्रश्न विचारत होत्या. मधेच मिस्त्रीला पुढचं बोलता येईना. डोळे भरून आले होते, आणि गाडीखाली उताण्या पडलेल्या माणसाचे दोन्ही हात पान्यावर असले की डोळे पुसता येत नाहीत.

"थांबू नकोस," बाई म्हणाल्या. "पुढं सांग."